व्यासपीठापासून ८० मीटरवरच्या मिक्सरपर्यंत माइकचा आवाज गुणगुण न येता कसा आणावा?

मंडपसेवक:

राम कृष्ण हरी. आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातील ध्वनिव्यवस्था सांभाळण्याचे काम मंडळाने आम्हा काही जणांवर सोपवले आहे. पूर्वी मिक्सर व्यासपीठाशेजारी पडद्याआड ठेवला जात असे, आणि तेथे बसणाऱ्याला मंडपातील श्रोत्यांच्या कानी प्रत्यक्षात काय पडते आहे हे कधीच कळत नसे. म्हणून यंदा तो मंडपाच्या मागच्या टोकाला हलवण्याचे ठरले. केबलची वळणे धरून हे अंतर सुमारे ८० मीटर होते. कीर्तनकार महाराजांचा आणि गायनाचार्यांचा प्रत्येकी एक डायनॅमिक माइक, पखवाजाला दोन, पेटीला एक, टाळकऱ्यांच्या रांगेवर एक कंडेन्सर माइक आणि इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची एक थेट जोडणी असा सगळा व्याप आहे.

सर्व जोडून पाहिले तेव्हा माइक उघडताच खर्जातली एक संथ, अखंड गुणगुण ऐकू येऊ लागली. व्यासपीठावरचे रंगीत दिवे डिमरवर मंद केले की तिच्यात टोचणारी खरखर मिसळते. केबलचा एक जोड मंडपाच्या लोखंडी खांबाला टेकला की गुणगुण वाढते आणि तो उचलून धरला की कमी होते. आमच्या केबल २०-२० मीटरच्या असून एकमेकींना जोडून लांबी पुरी केली आहे. माइकच्या टोकाला तीन पिनांचा कनेक्टर आहे, तर मिक्सरच्या टोकाला बहुतेक ठिकाणी साधा मोठा जॅक आहे. व्यासपीठाची वीज मंदिराच्या जोडणीतून येते आणि मिक्सरची शेजारच्या घरातून. कर्ण्यांच्या वायरी आणि माइकच्या केबल एकाच दोरीला बांधून नेल्या आहेत.

भाड्याने साहित्य देणाऱ्या एका गृहस्थांनी सर्व काही डिजिटल करण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्या एकाने मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, गुणगुण थांबेल, असे सांगितले. मंडळाचे पैसे वर्गणीचे आहेत, त्यामुळे खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे समजून घ्यावे, अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारतम्य:

माउली, आपण लक्षणे इतक्या नेमकेपणाने लिहिली आहेत की निम्मे निदान त्यातच झाले आहे. माझ्या मते आपला खरा प्रश्न लांबीचा नसून मिक्सरच्या टोकाला असलेल्या त्या साध्या जॅकचा आहे. ८० मीटर हे अंतर योग्य रीतीने जोडलेल्या माइकसाठी मुळीच अवघड नाही.

डायनॅमिक माइक साधारण बोलण्या-गाण्याला २ मिलिव्होल्टच्या आसपास विद्युतदाब देतो. घरातली वीज २३० व्होल्टची, म्हणजे त्याच्या लाखपटीहून अधिक. एवढ्या मोठ्या शेजाऱ्यापासून एवढ्या लहान संकेताला वाचवण्यासाठी बॅलन्स्ड जोडणी वापरतात. तिच्यात संकेतासाठी दोन तारा असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याची जाळी असते. आपल्या माइकच्या टोकाला आहे त्या तीन पिनांच्या एक्सएलआर कनेक्टरमध्ये पिन १ ला जाळी, पिन २ आणि पिन ३ ला त्या दोन तारा. मिक्सर या दोन तारांमधला फरक तेवढा मोजतो. वाटेत जी गुणगुण शिरते ती दोन्ही तारांत जवळपास सारखीच शिरते आणि फरक काढताना वजा होते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर काटा हलत नाही, तसेच हे आहे. दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो तो याचसाठी, की चुंबकीय क्षेत्राचा परिणाम दोघींवर सारखा व्हावा. ही युक्ती जुनी आहे. पीळ दिलेल्या जोडतारेचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये टेलिफोनसाठी घेतले होते. जाळी विद्युत क्षेत्राला अडवते, पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे ती जवळपास निष्प्रभ असते, म्हणून नुसती जाड जाळी पाहून केबल चांगली असे समजू नये.

आता आपल्या केबलकडे पाहू. साध्या जॅकला दोनच जोडण्या असतात, त्यामुळे अशा केबलमध्ये पिन ३ ची तार जॅकच्या आत जाळीलाच जोडून टाकलेली असते. त्या क्षणी फरक मोजणे संपते आणि जाळी हीच संकेताची परतीची वाट बनते. समजा, ८० मीटर जाळीचा रोध २ ओहम आहे आणि दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील तफावतीमुळे तिच्यातून अवघा १ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आहे; तेवढ्याने २ मिलिव्होल्टची गुणगुण तयार होते, म्हणजे महाराजांच्या आवाजाइतकीच. जोड लोखंडी खांबाला टेकला की गुणगुण वाढते, हे याचेच लक्षण दिसते. त्या जोडाच्या धातूच्या आवरणाला कोणीतरी पिन १ जोडून ठेवली असणार, त्यामुळे खांबाला स्पर्श होताच जाळीला जमिनीकडे जाणारी दुसरी वाट मिळते.

म्हणून सर्व केबल दोन्ही टोकांना एक्सएलआरच्या करून घ्याव्यात आणि मिक्सरच्या तीन पिनांच्या माइक इनपुटलाच जोडाव्यात. बहुतेक मिक्सरवर शेजारचा जॅक लाइन पातळीच्या, म्हणजे माइकपेक्षा बऱ्याच मोठ्या संकेतासाठी असतो, तेथे माइक लावला तर गेन (संकेत मोठा करण्याची क्षमता) पुरत नाही आणि आवाज वाढवण्याच्या नादात खरखरही वाढते. मल्टिमीटरने प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा: एका टोकाची पिन दुसऱ्या टोकाच्या त्याच पिनेला लागली पाहिजे, इतर कोणत्याही पिनेला लागता कामा नये, आणि बाहेरचे आवरण कोणत्याच पिनेला जोडलेले नसावे. चार तुकड्यांपैकी एक जरी एकेरी तारेचा निघाला तरी उरलेल्या तिघांचा काहीही उपयोग होत नाही.

नवीन केबल घेणारच असाल तर स्टार-क्वाड प्रकारची घ्यावी, असे मी सुचवेन. तिच्यात दोनऐवजी चार तारा एकत्र पिळलेल्या असतात आणि समोरासमोरच्या तारांची जोडी केलेली असते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर किंवा डिमर जवळ असेल तर ती साध्या पिळाच्या केबलपेक्षा स्पष्टपणे सरस ठरते.

वायरमन काका:

अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला ज्यांनी दिला त्यांचे कृपा करून ऐकू नका. बाकीचे नंतर वाचले तरी चालेल, पण हे आधी मंडळातल्या प्रत्येकाला सांगा. मिक्सर, अॅम्प्लिफायर अशा उपकरणांत हल्ली स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा असतो आणि त्यात फेज व न्यूट्रल या दोहोंपासून धातूच्या पेटीकडे छोटे कपॅसिटर लावलेले असतात. अर्थिंग नसेल तर पेटीवर जवळपास निम्मा विद्युतदाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगू लागतो. त्यातून वाहू शकणारा प्रवाह अल्प असतो, म्हणून माइकला ओठ किंवा हात लागला की नुसत्या झिणझिण्या येतात. पण आतले इन्सुलेशन खरोखर फुटले, तर पूर्ण २३० व्होल्ट केबलच्या जाळीतून माइकच्या दांड्यापर्यंत पोहोचतात, आणि तो माइक घामेजल्या हाताने धरून, अनवाणी उभे राहून महाराज कीर्तन करत असतात. गुणगुण थांबवण्यासाठी कोणाच्या जिवाशी खेळू नये.

आपल्याकडे वीज दोन जागांहून येते हे दुसरे मोठे कारण आहे. मंदिराचे आणि घराचे अर्थिंगचे खड्डे वेगळे, कदाचित फेजही वेगळे. दोन खड्ड्यांच्या दरम्यान काही व्होल्टांचा फरक असणे अगदी नेहमीचे आहे, आणि आपण दोन्ही जागा माइकच्या जाळीने जोडून त्या फरकाला वाट करून दिली आहे. यावर उपाय असा की व्यासपीठावरची ध्वनिसाधने, मिक्सर आणि अॅम्प्लिफायर या सर्वांना एकाच बोर्डातून, एकाच फेजवरून, अर्थिंगसह तीन तारांच्या जाड केबलने वीज द्यावी. त्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. दिव्यांसाठी आणि डिमरसाठी शक्य असेल तर वेगळा फेज घ्यावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. जनरेटर आणला असेल तर त्याचे न्यूट्रल आणि अर्थिंगही त्यालाच पाहू द्यावे.

डिमरचे म्हणाल, तर तो विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा एक भाग कापून टाकतो. हे कापणे सेकंदाला १०० वेळा होते आणि प्रत्येक वेळी तीक्ष्ण धक्का बसतो, म्हणून त्याचा आवाज खर्जातल्या गुणगुणीसारखा गोल न राहता माशीसारखा टोचतो. दिवे निम्म्या उजेडावर असताना हा त्रास सर्वांत जास्त असतो. डिमरच्या वायरी माइकच्या केबलपासून निदान हातभर तरी लांब असाव्यात, आणि एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे, शेजारून समांतर नेऊ नये.

कर्ण्यांच्या वायरी मात्र आजच त्या दोरीवरून सोडवा. गावाकडे कर्णे बहुधा १०० व्होल्ट लाइनवर चालतात. त्या वायरीतला आवाज माइकच्या संकेताच्या सुमारे ५०,००० पट मोठा असतो आणि तोच आवाज पुन्हा माइकच्या केबलमध्ये शिरला तर पूर्ण यंत्रणा स्वतःभोवतीच फिरू लागते. कधी शिट्टी ऐकू येते, तर कधी कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत अॅम्प्लिफायर दोलायमान होतो आणि विनाकारण तापत राहतो. माइकच्या केबल मंडपाच्या एका अंगाने, तर वीज आणि कर्ण्यांच्या वायरी दुसऱ्या अंगाने न्याव्यात.

मंडपसेवक:

आपणा दोघांचेही मनापासून आभार. मल्टिमीटरने तपासले तेव्हा तारतम्य यांनी वर्तवलेले दोन्ही दोष निघाले: जॅकमध्ये पिन ३ जाळीला जोडलेली होती आणि दोन जोडांच्या आवरणांना पिन १ लावलेली होती. महाराजांच्या माइकची जोडणी पूर्णपणे एक्सएलआरची केल्यावर त्या माइकवरची गुणगुण जवळपास नाहीशी झाली आहे. विजेची फेरजोडणी वायरमन करून देणार आहेत.

आता दोन शंका उरल्या आहेत. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर ८० मीटरपर्यंत पुरेशी पोहोचेल का? आणि इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला साधा जॅकच आहे, त्याचे काय करावे? त्याची केबल मिक्सरपर्यंत नेली की गुणगुण तर येतेच, शिवाय मोबाइल जवळ आला की टकटकही ऐकू येते.

नादब्रह्म:

फँटम पॉवरची काळजी नसावी. मिक्सर ४८ व्होल्टचा दाब पिन २ आणि पिन ३ या दोघींवर प्रत्येकी सुमारे ६.८ किलोओहमच्या रोधकातून देतो आणि परतीची वाट जाळीतून असते. माइकच्या केबलमधील ०.२२ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध ८० मीटरला ६ ते ७ ओहम भरतो; हजारो ओहमच्या त्या रोधकांपुढे तो नगण्य आहे. तसे पाहिले तर १९६६ मध्ये न्यूमन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी ही पद्धत आणली, तेव्हापासून मोठमोठ्या सभागृहांत ती याहून लांब केबलवर चालत आली आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी. जुन्या जॅकवाल्या केबलचा एखादा तुकडा मध्ये राहिला आणि फँटम पॉवर सुरू केली, तर पिन ३ जाळीला लागलेली असल्याने दोन्ही बाजूंचा समतोल मोडतो. कंडेन्सर माइक नीट चालत नाही आणि डायनॅमिक माइकच्या गुंडाळीतून सुमारे ७ मिलिअँपिअर एकदिश प्रवाह वाहू लागतो, जो तिच्यासाठी नाही. बऱ्याच छोट्या मिक्सरवर फँटम पॉवरचे बटण सर्व माइकसाठी एकच असते, म्हणून आधी प्रत्येक केबल तपासलेली असावी. ते बटण दाबताना सर्व फेडर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या) खाली असावेत, नाहीतर कर्ण्यांतून मोठा धमाका होतो.

तंबोऱ्यासाठी डीआय बॉक्स, म्हणजे साध्या जॅकचा संकेत बॅलन्स्ड करून देणारी छोटी डबी, वापरावा. त्यातला ट्रान्सफॉर्मर असलेला, बॅटरी किंवा वीज न लागणारा पॅसिव्ह प्रकार आपल्या कामाला उत्तम. तंबोऱ्यापासून डीआयपर्यंतची जॅकची केबल हात-दोन हातांहून लांब नसावी, तेथून पुढे एक्सएलआरची केबल माइकप्रमाणेच मिक्सरपर्यंत जाते. ट्रान्सफॉर्मरमुळे तंबोऱ्याच्या अडॅप्टरची बाजू आणि मिक्सरची बाजू यांच्यात तारेचा थेट संबंध राहत नाही. तरीही गुणगुण उरली तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबून पाहावे. ते बटण संकेताच्या केबलची जाळी तेवढी सोडवते, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही, त्यामुळे वायरमन काकांनी सांगितलेला धोका त्यात नाही.

केबलची लांबी खरोखर केव्हा बाधते, तेही येथेच सांगतो. केबल स्वतः एक कपॅसिटर असते. मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर ८० मीटरला ८ नॅनोफॅरड होतात. माइकचा इंपीडन्स (आवाजाच्या संकेतासाठीचा त्याचा अंतर्गत रोध) २०० ओहम असेल तर या कपॅसिटरचा परिणाम एक लाख हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, म्हणजे आपल्या श्रवणमर्यादेच्या कितीतरी पुढे. पण पेटीला किंवा वीणेला चिकटवलेल्या पिकअपसारखा स्रोत असेल आणि त्याचा इंपीडन्स १० किलोओहम असेल, तर तीच केबल २,००० हर्ट्झपासूनच वरचे स्वर खाऊ लागते. तारेचा झणत्कार जाऊन आवाज कोंदट होतो तो यामुळे. असा कोणताही स्रोत प्रथम जवळच्या डीआयमध्ये न्यावा आणि मगच लांबच्या प्रवासाला पाठवावा.

मोबाइलची टकटक ही जुन्या जीएसएम पद्धतीच्या प्रसारणाची खूण आहे. तो फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडतो आणि बॅलन्स्ड नसलेली केबल ते झटके पकडते. डीआयने हेही बरेच कमी होईल, तरी व्यासपीठावर माइकच्या स्टँडपाशी कोणी फोन ठेवू नये, एवढे सांगून ठेवावे.

स्टार-क्वाडविषयी तारतम्य यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. तिचा गुण खरा आहे, पण तिची किंमत अधिक, सोल्डर करायला ती किचकट, आणि कपॅसिटन्सही साध्या केबलच्या दुपटीच्या आसपास. डिमरच्या वायरी दूर ठेवता येत असतील तर दोन तारांची चांगली पिळाची केबल आपल्या मंडपाला पुरेल. त्या पैशांत दणकट कनेक्टर घ्यावेत. मंडपात पहिल्यांदा बिघडतो तो कनेक्टरच.

तारतम्य:

नादब्रह्म यांचा मुद्दा मान्य आहे. व्यासपीठावरची सगळी मांडणी दरवर्षी बदलत असेल तर मात्र महाराजांच्या एका माइकपुरती तरी स्टार-क्वाड ठेवावी, असे अजूनही वाटते.

डिजिटलचा विषय राहिला होता. व्यासपीठावर डिजिटल स्टेजबॉक्स ठेवला तर माइकचा संकेत काही मीटरांवरच मोठा करून अंकांत बदलला जातो आणि नेटवर्कच्या एकाच केबलने मिक्सरकडे येतो. कॅट ५ई केबलवर ही मर्यादा साधारणपणे १०० मीटर धरतात, म्हणजे आपले ८० मीटर त्यात बसतात. त्या ८० मीटरमध्ये गुणगुण शिरण्याचा प्रश्न उरत नाही, हे खरे. पण माइकपासून स्टेजबॉक्सपर्यंतचा तुकडा अनॅलॉगच राहतो. तेथे पिन ३ जाळीला जोडलेली असेल तर गुणगुण अंकांत बदलून जशीच्या तशी मिक्सरपर्यंत येईल. नेटवर्कच्या केबलला जाळी असेल तर दोन अर्थिंगमधला तोच जुना प्रवाह तिच्यातूनही वाहू शकतो. शिवाय ती एक केबल कोणाच्या पायाखाली चिरडली तर सगळे माइक एकदम बंद पडतात, म्हणून दुसरी केबल अंथरून तयार ठेवावी लागते. आपल्या सात जोडण्यांसाठी तारांच्या आठ जोड्यांचा एक तयार अनॅलॉग मल्टिकोर (एकाच आवरणात अनेक माइकच्या केबल असलेली जाड केबल) घेतला तर काम भागेल, आणि चार-चार तुकडे जोडण्याची कटकटही संपेल. पुढे डिजिटल मिक्सर घ्यायचा झालाच तर तो मल्टिकोर वाया जाणार नाही.

पुन्हा कधी गुणगुण आली तर शोधण्यासाठी एक साधन घरीच तयार करून ठेवा. एक्सएलआरच्या नर कनेक्टरमध्ये पिन २ आणि पिन ३ यांच्या दरम्यान १५० ओहमचा रोधक सोल्डर करून झाकण बंद करावे. संशयित माइक काढून त्याच्या जागी हा कनेक्टर लावावा. गुणगुण तशीच राहिली तर दोष केबलमध्ये किंवा पुढे आहे. थांबली तर माइकमध्ये किंवा तो ठेवलेल्या जागेत, उदाहरणार्थ जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्रात. मग हाच कनेक्टर एकेक जोड मागे सरकवत मिक्सरपर्यंत न्यावा; ज्या तुकड्यानंतर आवाज स्वच्छ होतो तो तुकडा बाजूला काढावा.

वायरमन काका:

उरलेली केबल व्यासपीठाखाली गुंडाळून ठेवायची असेल तर ती अॅम्प्लिफायरपासून, स्टॅबिलायझरपासून आणि दिव्यांच्या चोकपासून लांब ठेवा. जोड जमिनीवर उघडे राहू देऊ नका, पहाटे काकड्याच्या वेळी दव पडते आणि ओल्या जोडांतून कडकड सुरू होते. प्रत्येक जोड जमिनीपासून वर, लाकडी फळीवर किंवा प्लास्टिकच्या पेटीत ठेवावा. आणि सर्व जोडणी झाल्यावर चाचणी दुपारी न घेता दिवेलागणीनंतर घ्या, म्हणजे गावात सगळीकडे दिवे लागलेले असतात आणि विजेवर खरा भार आलेला असतो. रंगीत दिवे निम्म्यावर आणा, कर्णे सुरू ठेवा, व्यासपीठावर कोणालाही बोलू न देता मिक्सरवर हेडफोन लावून एकेक माइक ऐका आणि ज्यावर गुणगुण असेल त्याचा क्रमांक लिहून घ्या.